तेरा उसने शब्द

अधारताल, जबलपूर
९ फेब्रुवारी २०२४

प्रणोती,

तू पुण्याला सुखरूप पोचलीस हे बेबीमावशीने कळवलं. मी फोन नाही केला. फोनवर तू बोलतेस नि मी ऐकते. कागदावर निदान माझीही पाळी येते.

लग्न चांगलं झालं. यशश्री माझी सख्खी पुतणी, पण तिलवाऱ्याच्या त्या लॉनवर लोकांना नवरीपेक्षा तूच जास्त हवी होतीस. माझ्या दिराने तुला सोफ्यावर बसवून विचारलं, "प्रणोतीजी, सुना है आप रूस के उस टापू पर भी हो आईं?" आणि तू सखालिनच्या बर्फाच्या गोष्टी सुरू केल्यास. तेवढ्या वेळात माझ्या हातातली खोव्याची जलेबी थंड झाली. एक बाई मला म्हणाल्या, "अच्छा, आप प्रोफेसर मॅडम की बहन हैं!" चाळीस वर्षं मी या गावात राहून राहिली, बत्तीस वर्षं खमरियाच्या फॅक्टरीत रशियन कागदांचं भाषांतर केलं, आणि माझी ओळख काय, तर मॅडमची बहीण. तीही मावसबहीण.

मग त्या बाईंनी विचारलं, तुम्ही नेमकं शोधता काय. तू निव्ख लोकांबद्दल सांगितलंस. अमूर नदीच्या मुखाशी आणि सखालिन बेटावर थोडेसे उरले आहेत, त्यांच्या भाषेला जगात सगंसोयरं कुणी नाही असं मानतात. आणि पार वर, आशियाच्या ईशान्य टोकाला चुकची, कोर्याक, इटेलमेन या भाषांचं एक घराणं आहे. ही एकटी भाषा त्या घराण्याची दूरची बहीण असावी, असं काही अभ्यासक म्हणतात, बरेच जण नाही म्हणतात. तू म्हणालीस, "माझ्या डोक्यात हे फार वर्षांपासून आहे."

तुझ्या डोक्यात ते कुणी घातलं, हे त्या बाईंनी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. तू बारावीच्या सुट्टीत आमच्या खमरियाच्या क्वार्टरमध्ये आली होतीस. रशियन बाराखडी मी शिकवली. सोव्हिएत पुस्तकांची गाडी जबलपुरात यायची, तिच्यातून मी उत्तरेकडच्या भाषांचं जाड पुस्तक घेतलं होतं. पोळ्या लाटताना मी तुला म्हटलं होतं, "हे बघ, हा शब्द आणि तो शब्द सारखे नाहीत का दिसत?" माझ्याआधी जगात कुणी म्हटलंही असेल, मला काय माहीत. पण आपल्या दोघींमध्ये मी आधी म्हटलं.

आणि तुझ्या प्रबंधात चाळीस जणांचे आभार आहेत. गाईड, ग्रंथपाल, झेरॉक्सवाला. माझ्याबद्दल एवढंच, "जबलपूर येथील एका नातेवाइकाने रशियन शब्दयादी उपलब्ध करून दिली." एक नातेवाईक! मी ते कधी काढलं नाही. आज काढून राहिली.

निघताना तू विचारलंस की शब्दयादीची ती वही आहे का. आहे. गोहलपुरात नव्याने बांधून घेतली.

विनताताई


पुणे
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं! पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, विनता लहानपणापासून अशीच, आधी टोचते मग जेवायला वाढते.

प्रबंधाला तेवीस वर्षं झाली गं. तेव्हा असंच लिहायची पद्धत होती. तू मनाला लावून घेतलंस याचं मला वाईट वाटतं. सोडून दे ना.

आता कामाचं. सप्टेंबरमध्ये जपानला, साप्पोरोत परिषद आहे, तिथे मी निव्ख आणि चुकची-कोर्याक घराण्याच्या नात्यावर बोलणार आहे. लेख एका नियतकालिकाने जवळपास स्वीकारला आहे. आणि, अजून कुणाला सांगू नकोस, तिथल्या विद्यापीठात एका वर्षाची फेलोशिप ठरल्यात जमा आहे. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. त्याआधी एकदा तरी माझ्या विषयाची माणसं ज्या गावात आहेत, तिथे बसून काम करायचं आहे.

लेखाचा कणा तुझी १९९६ची यादी आहे. अडतीस शब्दांच्या जोड्या, चार पानं. त्यातलं तिसरं पान तर थक्क करतं! जनावरं जुंपण्याचे, शिवणकामाचे, भांड्यांचे तेरा शब्द. इतके सारखे की शंकाच राहू नये. मूळ पुस्तक मला कुठे मिळालं नाही, माझ्याकडे फक्त तुझ्या हस्ताक्षराची झेरॉक्स आहे. म्हणून विचारते, इतक्या वर्षांत त्या यादीत तुला काही बदलावंसं वाटलं का? काही चूक सापडली का? एकदा नजर घालून कळव. तू 'ठीक' म्हटलंस की मी निर्धास्त.

श्रीपादरावांना नमस्कार. त्यांनी माझं एक भाषण मोबाइलवर पूर्ण ऐकलं म्हणाले, मला फार बरं वाटलं.

तुझी,
प्रणोती


अधारताल, जबलपूर
१४ मार्च २०२४

प्रणोती,

उत्तराला उशीर झाला. अनुपम आणि सलोनी बंगळूरहून आले होते, घर भरलं होतं. मुलगा-सून आठ दिवस राहिले. सलोनीला मराठी समजतं पण बोलायला लाजते, मग मीच हिंदीत घुसते. श्रीपादने तुझं भाषण त्यांनाही ऐकवलं. माझं कुठलंच भाषण नाही, म्हणून ते ऐकवायचा प्रश्न नाही.

त्याला मी म्हटलं, "चाळीस मिनिटं ऐकलंस, काय समजलं?"

म्हणाला, "समजलं काही नाही, पण बोलते काय सुरेख!"

मी चाळीस वर्षं याच्याशी बोलून राहिली. चलो.

साप्पोरोचं ऐकून आनंद झाला. फेलोशिपचं कुणाला सांगणार नाही. इथे सांगून समजणार तरी कुणाला?

यादीचं विचारलंस. तू प्रोफेसर, बेटावर जाऊन आलेली. मी फॅक्टरीत फ्यूज आणि स्प्रिंगांची पुस्तकं मराठी माणसाच्या हिंदीत उतरवणारी बाई. मी तुझं काय तपासणार? जशी आहे तशी वापर.

इकडे ऊन तापायला लागलं. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालून राहिली आहे. बेबीमावशीसाठी पाठवते.

विनताताई


पुणे
२ जुलै २०२४

प्रिय ताई,

पापड्या पोचल्या, आईने लगेच तळायला लावल्या.

सोबत माझ्या लेखाच्या पहिल्या पानाची प्रत ठेवली आहे. लेख आता पक्का स्वीकारला, वसंतातल्या अंकात येईल. तळटीप वाच. परीक्षकांनी ती लहान करायला सांगितली होती, मी नाही केली. तुला इंग्रजीतून वाचायचा कंटाळा, म्हणून इथे मराठीत लिहिते: "या लेखातील तुलनेचा मूळ विचार आणि संपूर्ण शब्दयादी जबलपूरच्या विनता श्रीपाद देवपुजारी यांची आहे. त्यांनी १९९६ साली, स्वतंत्रपणे, हे काम केले."

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. सोडून दे असं मी लिहिलं, पण सोडून द्यायचं तुला नव्हतं, करायचं मला होतं. आता केलं. राग गेला का?

साप्पोरोत तुझं नाव मी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणार आहे.

उत्तर नक्की लिही.

प्रणोती


पुणे
३ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं उत्तर आलंच नाही. तब्येत ठीक आहे ना? श्रीपादराव फोनवर ठीक म्हणाले.

साप्पोरोचं सांगते. आईला 'छान झालं' एवढंच सांगितलं आहे.

हॉल भरलेला होता. मी तुझं नाव दाखवलं, यादी दाखवली, मग तिसरं पान. प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतून एक म्हातारे संशोधक उठले. सगळं आयुष्य अमूरकाठी काढलेला माणूस, आवाज अगदी मऊ.

"हे तेरा शब्द आपण कुठून घेतलेत?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"ते पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात या शब्दांपुढे एक छोटं अक्षर छापलं आहे. ते आपण पाहिलंत का?"

मी म्हटलं, मूळ पुस्तक मी पाहिलेलं नाही.

हे वाक्य मी भर सभेत बोलले, ताई. अठ्ठावीस वर्षं शिकवणारी मी, मुलांना पहिल्या तासाला सांगते की मूळ पाहिल्याशिवाय ओळ लिहू नका.

ते छोटं अक्षर म्हणजे 'उल्ची'. उल्ची हे निव्खांचे अमूरकाठचे शेजारी, त्यांची भाषा तिसऱ्याच घराण्याची. हे शब्द निव्खांनी त्यांच्याकडून उसने घेतलेले. आणि त्याच तिसऱ्या घराण्याचे दुसरे लोक उत्तरेत कोर्याकांच्या शेजारी राहतात, त्यांनीही तेच शब्द तिकडे दिले. म्हणजे निव्ख आणि कोर्याक बहिणी असल्याची ती खूण नव्हतीच. दोघींनी एकाच शेजारणीकडून विरजण आणलं, म्हणून दही सारखं लागलं.

त्यांनी माझ्या पडद्यावरचा एकेक शब्द वाचला आणि प्रत्येकापुढे म्हणाले, "उल्ची." पुन्हा पुढचा शब्द, "उल्ची." तेरा वेळा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाले, "इतकं जास्त साम्य दिसलं, तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती."

फेलोशिप गेली. पत्रात 'यंदा शक्य नाही' असं आहे, पण मला कळतं. लेख संपादकांनी थांबवला.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू तेव्हा एका पुस्तकावरून, घर-नोकरी सांभाळून उतरवलंस. एक खूण राहिली. तपासायचं काम माझं होतं. तुझं नाव त्या पडद्यावर होतं, याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

प्रणोती


अधारताल, जबलपूर
१२ ऑक्टोबर २०२४

प्रणोती,

ते छोटं अक्षर मी पाहिलं होतं.

तेव्हा नव्हे. तेव्हा खरंच सुटलं. आमचं पुस्तक वाळवीने खाल्लं, मग फक्त यादी उरली. पण २०१९मध्ये अनुपमने ते पुस्तक इंटरनेटवर शोधून दिलं. मी सगळी चार पानं पुन्हा ताडून पाहिली. तिसऱ्या पानावर आली आणि ते अक्षर दिसलं. एकापुढे, दुसऱ्यापुढे, तेराव्यापुढे. त्या दिवशी मी वहीत लाल शाईने तेराही शब्द खोडले. दोन दिवस जेवण गेलं नाही. नंतर वाटलं, जाऊ दे, कुणाला काय फरक पडतो.

मग तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं, काही चूक सापडली का. तू सरळ विचारलं होतंस. मी लाल खोडलेली वही समोर घेऊन बसली होती आणि लिहिलं, जशी आहे तशी वापर.

मी स्वतःला सांगितलं, ही प्रोफेसर आहे, पकडेल. खोटं आहे ते. तू पकडणार नाहीस हे मला माहीत होतं. तुझ्याकडे पुस्तक नव्हतं, माझ्याकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्याकडे होतं आणि तुझ्याकडे नव्हतं. ते मला द्यायचं नव्हतं.

तू पडावीस असं वाटत होतं का? हो. एवढं मोठं नाही; कुणीतरी एकाने एखादा शब्द चुकला म्हणावं, तुझं तोंड जरा उतरावं, मग तू मला पत्र लिहावंस आणि मी म्हणावं, अगं हो, मला ठाऊक होतं. असं ठरवलं होतं मनात. लहान मुलीसारखं.

जुलैत तुझी तळटीप आली. माझं पूर्ण नाव. श्रीपादने ती मोठ्याने वाचली. मी आत जाऊन बसली. ११ जुलैला सगळं खरं लिहिलं, तिकीट लावलं, पोस्टात गेली. तिथे आमच्या जुन्या सेक्शनच्या प्रमोदिनीबाई भेटल्या. म्हणाल्या, "क्या बात है, तुमची बहीण जपानला चालली म्हणे! तुम्ही पण काहीतरी लिहायला पाहिजे होतं, विनता." मी लिफाफा पर्समध्ये टाकला आणि घरी आली. मी तुझ्याहून बरी आहे असं मला वाटत नव्हतं गं, पण तुझ्याइतकी तरी आहे असं वाटायचं. आणि त्या बाईच्या एका वाक्याने आतलं सगळं पुन्हा पेटलं. ते पत्र अजून आहे. पाठवत नाही, कारण आता ते पाठवणं म्हणजे मी कशी चांगली होती हे दाखवणं.

तुझं परवाचं पत्र मी श्रीपादला वाचून दाखवलं. जेवून राहिला होता.

म्हणाला, "अरेरे. तुला ती चूक माहीत नव्हती का?"

"होती."

"मग काहून नाही सांगितलं तिला?"

"तिने नीट विचारलं नाही."

"विचारलं होतं. मार्चमध्ये तू मला वाचून दाखवलं होतंस ते."

"विसरली असेन."

"तू? बत्तीस वर्षांपूर्वीच्या दूधवाल्याच्या मुलीचं नाव तुला पाठ आहे." मग म्हणाला, "मुद्दाम केलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

उठला, आपलं ताट आपण घासलं आणि गच्चीवर गेला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. जरा वेळाने जिन्यावरून म्हणाला, "लिही तिला. आजच."

क्षमा मागून राहिली नाही. मागितली की तुला द्यावी तरी लागेल किंवा नाकारावी तरी लागेल. तेवढंही ओझं तुझ्यावर नको. संपादकांना मी वेगळं पत्र लिहिते आहे, माझ्या नावाने, की चूक माझी, ती मला पाच वर्षं माहीत होती, आणि विचारल्यावरही मी लपवली.

विनता


पुणे
२० जानेवारी २०२५

विनताताई,

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवायला बसले होते. पहिली ओळ वाचली आणि थांबले. आई म्हणाली, "पुढे?" मी म्हटलं, "पुढे कामाचं आहे." तेव्हापासून ती रोज विचारते, विनताने अजून काय लिहिलं होतं. मी विशेष काही नाही म्हणते. तुझ्यामुळे मी माझ्या आईशी खोटं बोलते आहे, तीन महिने.

मी संतापले होते. अजून आहे. तेरा वेळा 'उल्ची' ऐकताना मी काय गिळलं ते तुला कळणार नाही. आणि त्या पडद्यावर मी कौतुकाने तुझं नाव लावलं होतं! तू पर्समध्ये लिफाफा घालून घरी गेलीस आणि दोन महिन्यांनी मी तुझ्यासाठी साप्पोरोत चहाचा डबा विकत घेत होते. तो डबा मी कॉलेजच्या शिपाईकाकांना दिला.

पण तू खरं लिहिलंस, तेव्हा मलाही काहीतरी लिहायला हवं. तीन महिने तेच टाळत होते.

'तेव्हा असंच लिहायची पद्धत होती' हे मी तुला सांगितलं, ते खोटं. प्रबंधाच्या पहिल्या टंकलिखित प्रतीत तुझं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट. माझ्या गाईडनी पान उघडलं आणि विचारलं, "ह्या कोण? कल्पना यांची असेल तर यांना एकदा बोलवा, मला भेटायचंय." मी म्हटलं, "नाही हो सर, कुणी नाही. एक नातेवाईक आहेत." आणि घरी येऊन पान बदललं.

तू आली असतीस ना ताई, तर त्या माणसाला दहा मिनिटांत कळलं असतं की माझ्यापाशी पाठांतर आहे आणि तुझ्यापाशी डोळा आहे. पोळी लाटताना तुला जे दिसलं ते मला तीस वर्षं ग्रंथालयात बसून दिसलं नसतं. मी बेटावर गेले, परिषदांना गेले, पण ज्याच्यावर माझं नाव चालतं ती एक गोष्ट माझी नाही. लग्नात त्या बाईंना मी म्हटलं, 'माझ्या डोक्यात हे फार वर्षांपासून आहे', तेव्हा तू मागे उभी आहेस हे मला माहीत होतं. मला तुझं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून मी वळले नाही.

तू सात महिने गप्प राहिलीस. मी तेवीस वर्षं. म्हणून फिटलं असं मी म्हणणार नाही. माझी फेलोशिप गेली ती गेलीच, आणि तुझी तेवीस वर्षं गेली ती गेली.

एक मात्र सांगते. ते तेरा शब्द गेले तरी या भाषा एकमेकींच्या आहेत असं मला अजून वाटतं.

प्रणोती


अधारताल, जबलपूर
९ मार्च २०२५

प्रणोती,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भांडी आपटली. श्रीपाद म्हणाला, नवीन घ्यावी लागतील. 'कुणी नाही हो सर'! मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. बोलावलं असतं तर विदाउट रिझर्वेशन आली असती.

तिसऱ्या दिवशी मात्र वेगळंच वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला माझी आठवणच राहिली नसेल, मी एवढी छोटी की नाव लिहायचं सुचलं नसेल. तर तसं नव्हतं. तू मला घाबरली होतीस. सांगायला लाज वाटते, पण हे वाचून मला फार बरं वाटलं.

बेबीमावशीला तिच्या नावाने वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मी काय केलं ते लिहिलं आहे. तू काय केलंस ते नाही. ते तुझं तू सांग, नाहीतर नको सांगू.

आता संपादकांचं. त्यांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं की चूक लपवल्याचं इतकं स्पष्ट पत्र त्यांना प्रथमच आलं, आणि विचारलं की उरलेल्या यादीबद्दल माझं आज काय मत आहे. मला कुणी मत विचारलं, प्रणोती! इंग्रजीत. मी दीड महिना बसली.

तेरा गेले, पंचवीस उरले. मग अजून एक पाहिलं. अमूरकडचे निव्ख एक रूप वापरतात, पूर्व सखालिनचे दुसरं. घराला अमूरकडे 'तिफ'सारखं काही म्हणतात, सखालिनला 'ताफ'. मी तेव्हा काय केलं होतं? जो चुकचीशी जुळेल तो घेतला. कधी इकडचा, कधी तिकडचा. असे दहा निघाले, ते खोडले. उरलेल्यांत सहा इतके छोटे की योगायोगाने कुठल्याही दोन भाषांत जुळावेत. तेही खोडले. राहिले नऊ.

नऊवर नातं जुळवायचं? आपल्याकडे पत्रिका पाहतात तर छत्तीसपैकी अठरा गुण तरी मागतात.

मला फार वाटत होतं की या बहिणी निघाव्यात. तीस वर्षं वाटून राहिलं. पण माझ्याच यादीवरून ते सिद्ध होत नाही. मी संपादकांना तसं लिहिलं. त्यांनी म्हटलं, याचा लेख करा. तुझ्याबरोबर मिळून करा असंही सुचवलं. मी नाही म्हटलं. दोघींचं नाव एका लेखावर आलं तर त्यातलं कुणाचं किती, यावर आपण मरेपर्यंत जळत राहू.

म्हणून मी माझा वेगळा लिहून राहिली आहे. माझ्या नावाने, माझ्याच यादीविरुद्ध.

विनताताई


पुणे
२१ एप्रिल २०२५

ताई,

आईने तुझं पत्र स्वतः चष्मा लावून वाचलं. मग मी माझं सांगितलं. ती चष्मा काढत म्हणाली, "दोघींना एका खोलीत कोंडायला हवं होतं, तेव्हाच." आता तिचं माझ्याशी बोलणं जरा तुटक आहे. होईल ठीक.

तुझ्या लेखाचा मसुदा संपादकांनी मला पाठवला. रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे तो वाचून मी भर दुपारी टेबलावर हात आपटला. तू फक्त शब्द मोजलेस! शब्द उसने येतात, शेजारणी देतात घेतात. क्रियापदाच्या आत 'मी', 'तू' दाखवणारे जे तुकडे असतात ते कुणी शेजाऱ्याकडे मागायला जात नाही. त्यांची तुलना तू पाहिलीच नाहीस. तुझे नऊ शब्द आणि हे तुकडे मिळून चित्र वेगळं दिसतं. पुरतं सिद्ध होत नाही, हे मी कबूल करते. पण दार बंद करण्याइतकंही नाही.

मी उत्तर लिहिते आहे. तुला सोडणार नाही.

आणि तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा नेमकं आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं मला. दोन दिवस त्याचाही राग होता.

प्रणोती


अधारताल, जबलपूर
१६ जून २०२५

प्रणोती,

तुझं उत्तर वाचलं. क्रियापदाच्या तुकड्यांवर तू मला चौथ्या पानावर चांगलं पकडलं आहेस. पाचव्या पानावर मात्र तू कोर्याकचं एक रूप इटेलमेनच्या खात्यात टाकलं आहेस. छापायच्या आधी सांगून राहिली. दुरुस्त कर. संपादकांना कळवलेलं नाही, फक्त तुला.

हे लिहिताना एक क्षण हात थांबला होता, हेही सांगून टाकते. चहा घेतला, मग लिहिलं.

दोन्ही लेख हिवाळ्याच्या अंकात एकापाठोपाठ येणार आहेत. श्रीपादने आधीच घरात जाहीर केलं की दोन प्रती घ्यायच्या. त्याने माझा लेख मला मोठ्याने वाचायला लावला. चाळीस मिनिटं लागली.

शेवटी म्हणाला, "समजलं काही नाही."

मी म्हटलं, "पुढे बोल."

"पुढे काय? भांडतेस काय सुरेख!"

काल संपादकांचं पत्र आलं की आधी कुणाचा लेख घ्यायचा, तुम्हीच ठरवा. ते म्हणतात, पहिला लेख लोक जास्त वाचतात. तुला अजून विचारलं नसेल, कारण मी लगेच उत्तर पाठवून दिलं: आधी प्रणोतीचा.

मोठ्या मनाने दिलं असं समजू नको. आधी तुझा वाचून लोकांना पटू दे की या बहिणी आहेत. मग पान उलटून माझ्याकडे येऊ दे.

विनताताई